सुवर्णवर्ण : लक्षण, उपमा आणि मुलामा
वर्धा परिसरातील बुद्धमूर्तीच्या निमित्ताने

एक

वर्धा शहरालगतच्या गोपुरी परिसरात दोन वास्तू एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत. पहिली गीताई मंदिर. विनोबांनी १९३०–३१ मध्ये भगवद्गीतेचा जो समश्लोकी मराठी अवतार सिद्ध केला, त्याचे अठराही अध्याय येथे उभ्या शिलापटांवर कोरलेले आहेत. या मंदिराला छप्पर नाही, गाभारा नाही आणि मूर्तीही नाही. १९८० साली विनोबांच्याच हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दुसरी वास्तू विश्वशांती स्तूपाची. जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी यांच्या संकल्पातून आणि त्यांच्या निधनानंतर, १९९० च्या दशकात, हा स्तूप पूर्ण झाला. त्याचा घुमट पांढराशुभ्र आहे आणि चार दिशांना चार कोनाड्यांत सोनेरी बुद्धमूर्ती आहेत.

एकीकडे मूर्तीची जागा अक्षरांनी घेतलेली आहे आणि दुसरीकडे मूर्ती केवळ उपस्थित आहे एवढेच नसून सोन्याच्या वर्णाने लांबूनच लक्ष वेधून घेत आहे. हा विरोध वरवर पाहता ग्रंथ आणि प्रतिमा यांच्यातला, किंवा गांधी-विनोबांचा साधेपणा आणि पौर्वात्य बौद्ध वैभव यांच्यातला वाटतो. प्रत्यक्षात तो इतका सरळ नाही. फुजी गुरुजी ज्या निचिरेन परंपरेतले, त्या परंपरेच्या उपासनेचा केंद्रबिंदू मूर्ती हा नसून एका ग्रंथाचे नाव हा आहे. ढोलाच्या ठेक्यावर तेथे ज्याला नमन केले जाते ते सद्धर्मपुंडरीक सूत्र होय. म्हणजे गोपुरीतल्या दोन्ही वास्तू ग्रंथनिष्ठांनीच उभारल्या आहेत. तरीही एका ग्रंथनिष्ठेने मूर्ती वगळली आणि दुसरीने ती सोन्याने मढवली. हे कसे घडते, या प्रश्नाचा मागोवा घेताना सोन्याकडे केवळ अलंकरण म्हणून पाहता येत नाही. मूर्तीवरचे सोने हे संहितेचे एक विशिष्ट वाचन आहे आणि त्या वाचनाशी आधुनिक मराठी बौद्ध लेखनाने घातलेला वाद हा आपल्या वाङ्मयेतिहासाचा एक दुर्लक्षित भाग आहे. या वादातले काही महत्त्वाचे टप्पे वर्धा जिल्ह्याच्याच भूमीवर घडले आहेत.

दोन

बुद्धमूर्तीचा सोनेरी रंग कलावंताच्या लहरीतून आलेला नाही. दीघनिकायातील लक्खणसुत्तात महापुरुषाची बत्तीस लक्षणे सांगितली आहेत आणि त्यांतले अकरावे लक्षण सुवर्णवर्णाचे, कांचनासारख्या त्वचेचे आहे. या सुत्ताचा विशेष असा की ते लक्षणांची यादी देऊन थांबत नाही. प्रत्येक लक्षणामागे पूर्वजन्मीचे कोणते आचरण आहे हेही ते सांगते. सुवर्णवर्णाची दोन कारणे तेथे दिलेली आहेत. पहिले अक्रोध : पुष्कळ बोलले गेले तरी न चिडणे, मनात द्वेष न धरणे. दुसरे वस्त्रदान : मऊ, तलम आच्छादने आणि वस्त्रे इतरांना देणे. याचा अर्थ असा की संहितेच्या पातळीवर सोने हे ऐश्वर्याचे चिन्ह म्हणून येत नाही. ते एका नैतिक कृतीची त्वचेवर उमटलेली खूण म्हणून येते. ज्याने राग केला नाही आणि दुसऱ्याचे अंग झाकले, त्याचे अंग उजळले, अशी ही कार्यकारणाची मांडणी आहे.

याच निकायातील महापरिनिब्बानसुत्तात सोन्याविषयीचा आणखी एक प्रसंग येतो. पुक्कुस नावाचा मल्ल सोनेरी वस्त्रांची जोडी अर्पण करतो. आनंद ती भगवंताच्या अंगावर घालतो तेव्हा वस्त्रेच निस्तेज दिसू लागतात. तथागताचा वर्ण दोनच रात्री असा विशेष उजळतो, संबोधीच्या आणि परिनिर्वाणाच्या, असा खुलासा तेथे केला आहे. या प्रसंगात खरे सोने हरते. ज्या तेजाची तुलना सोन्याशी करायची, त्याच्याजवळ सोने नेले की ते फिके पडते. सुवर्णलेपित मूर्तीच्या कल्पनेतच असलेली अडचण परंपरेला आरंभापासून ठाऊक होती, असा या प्रसंगाचा अर्थ लावता येतो.

विदर्भातील प्राचीन अवशेष या दृष्टीने बोलके आहेत. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथील स्तूपांच्या उत्खननात (१९६९–७०) जे शिल्पांकन हाती आले, त्यात बुद्धाचा देह दाखवलेला नाही. मुचलिंद नागाच्या फण्यांखाली रिकामे आसन आहे. बुद्ध त्या रिकाम्या जागेवरून ओळखायचा. त्यानंतर काही शतकांनी, वाकाटकांच्या काळात, रामटेकजवळच्या हमलापुरी येथे सापडलेल्या धातूच्या बुद्धमूर्ती घडल्या. या दोन टोकांच्या मध्ये प्रतिमेविषयीच्या संकेतव्यवस्थेत मूलभूत बदल झाला होता. वर्ध्याजवळचे पवनार हीच वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. हा प्रवरसेन महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ काव्याचा कर्ता म्हणून मराठीच्या पूर्वपरंपरेत महत्त्वाचा आहे. त्याच्या घराण्याची निष्ठा शैव-वैष्णव होती आणि पवनारच्या शिल्पांतही तीच दिसते. तरीही त्याच राज्याच्या प्रदेशात धातूचा बुद्ध ओतला जात होता, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे सोनेरी बुद्ध ही विदर्भात विसाव्या शतकात आलेली पूर्णतः परकी वस्तू ठरत नाही.

ध्यानाच्या शास्त्रात या मूर्तीचे स्थान काय, याबाबत दोन परंपरांची उत्तरे भिन्न आहेत. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गात बुद्धानुस्सती हे चाळीस कर्मस्थानांपैकी एक आहे. त्यात आलंबन मूर्तीचे नसून बुद्धाच्या गुणांचे असते. गुण अथांग आणि नानाविध असल्यामुळे या ध्यानाने चित्त उपचार समाधीपर्यंत पोचते, अर्पणेपर्यंत पोचत नाही, असे तेथे सांगितले आहे. पिवळ्या रंगाचे ध्यान विसुद्धिमग्गात आहे, पण ते पीतकसिणाचे. त्यासाठी पिवळी फुले किंवा पिवळे वस्त्र पुरते, बुद्धाची गरज नाही. उलट पूर्व आशियात प्रभावी ठरलेल्या अमितायुर्ध्यान सूत्रात साधकाने प्रथम कमळावर बसलेली सुवर्णवर्ण मूर्ती मनश्चक्षूंपुढे आणायची असते आणि मग तिच्यावरून प्रत्यक्ष बुद्धाच्या, जांबूनद सुवर्णासारख्या, रूपाकडे जायचे असते. पहिल्या परंपरेत सोने हा रंग आहे आणि बुद्ध हा गुणसमुच्चय आहे. दुसरीत या दोहोंची गाठ पडते आणि मूर्तिकाराला ध्यानाच्या प्रक्रियेत निश्चित स्थान मिळते.

तीन

संहितेतला वर्ण धातूवर उतरवण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. एक पाऱ्याच्या साहाय्याने दिलेला मुलामा आणि दुसरी वर्खाची. मूर्ती ओतण्याची कृती दोन्हींत समान असू शकते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मधूच्छिष्टविधानाचे, म्हणजे मेणाच्या साच्याचे, तपशीलवार वर्णन आले आहे. प्रथम मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण वितळवून काढायचे आणि रिकाम्या पोकळीत धातू ओतायचा. धातू किती लागेल हे मेणाच्या वजनावरून ठरवायचे. ज्या ग्रंथात आरंभीच्या मराठीचे नमुने सापडतात, त्याच ग्रंथात ही कृती नोंदलेली असावी हा योगायोग मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

मूर्ती तयार झाली की मुलाम्याचे काम सुरू होते. सोने पाऱ्यात मुरवून लोण्यासारखा गोळा केला जातो, तो स्वच्छ केलेल्या तांब्यावर चोळला जातो आणि मग मूर्ती तापवली जाते. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो; तो वाफ होऊन निघून जातो आणि सोन्याचा थर तांब्याला घट्ट धरून राहतो. नेपाळातील पाटणच्या नेवार कारागिरांनी ही रीत शतकानुशतके जपली. पाऱ्याची वाफ विषारी असते. अक्रोधाचे आणि अहिंसेचे चिन्ह म्हणून जो वर्ण मूर्तीवर येतो, तो आणताना कारागिराच्या फुप्फुसांना आणि मज्जासंस्थेला इजा पोचते, ही गोष्ट मूर्तीच्या प्रतीकार्थाची चर्चा करणाऱ्यांनी सहसा विचारात घेतलेली नाही.

वर्खाची रीत याहून सौम्य आहे. सोने ठोकून सुमारे एक दशसहस्रांश मिलिमीटर जाडीचे करतात. इतका पातळ वर्ख हाताच्या बोटाने उचलता येत नाही. जपानात लाकडी मूर्तीवर उरुशी या झाडाच्या चिकाचे अनेक थर देतात आणि शेवटच्या, किंचित ओलसर थरावर वर्ख बसवतात. क्योतोजवळच्या ब्योदोइन येथील अमिताभाची लाकडी मूर्ती (१०५३) ही या रीतीचा आदर्श मानली जाते. ब्रह्मदेशात वर्ख लावणे हा कारागिराच्या कामाचा शेवट नसून भक्ताच्या कृतीचा आरंभ असतो. मंडाले येथील महामुनी मूर्तीवर भाविकांनी वर्षानुवर्षे लावलेल्या वर्खाने देहाचा मूळ आकारच जाड थराखाली गेला आहे. जपानी मूर्ती एकदा पूर्ण होते. ब्रह्मी मूर्ती कधीच पूर्ण होत नाही. सुवर्णलेपनाच्या या दोन कल्पनांत पूर्ण झालेली आणि सतत नव्याने लिहिली जाणारी अशा दोन संहितांचे साम्य दिसते.

मराठी वाचकापुढे मात्र या साऱ्या व्यवहारात एक भाषिक अडसर उभा राहतो. मराठीत ‘मुलामा’ हा शब्द बदनाम आहे. मुलामा देणे म्हणजे खोट्याला खऱ्याचे रूप देणे. या अर्थामागे केवळ सराफी व्यवहारातला संशय नाही, एक तत्त्वज्ञानही आहे. ज्ञानेश्वरांपासून मराठी अद्वैतविचाराने सोने आणि अलंकार हा दृष्टान्त वारंवार वापरला. अलंकारांचे आकार अनेक, पण आतले सोने एकच. नामरूप वरचे, सत्य आतले. या दृष्टान्तावर वाढलेल्या मनाला सुवर्णलेपित मूर्ती उलटी वाटते. येथे आत तांबे, लाकूड किंवा माती आहे आणि सोने केवळ पृष्ठभागावर आहे. आतल्या सत्याचा दाखला म्हणून ज्या धातूचा उपयोग होत आला, तोच येथे बाहेरचा थर झाला आहे.

बौद्ध विचारात मात्र ही अडचण त्याच स्वरूपात उद्भवत नाही. ज्या दर्शनाने आत लपलेले नित्य द्रव्यच नाकारले, त्याला आतल्या सोन्याची आवश्यकता भासत नाही. रूप हे हेतुप्रत्ययांनी घडलेले आणि म्हणून अनित्य, एवढेच तेथे म्हटले जाते. मुलाम्याची मूर्ती हे कोठेही लपवत नाही. तिचा थर झिजतो, उडतो, पुन्हा द्यावा लागतो. अद्वैताचा दृष्टान्त आणि बौद्धांची मूर्ती यांत सोन्याची जागा बदलते याचे कारण कारागिरीत नसून दोन दर्शनांच्या भेदात आहे. म्हणून ‘मुलामा’ या मराठी शब्दातला तुच्छतेचा भाव तसाच उचलून बुद्धमूर्तीला लावणे समीक्षेच्या दृष्टीने घाईचे ठरेल.

चार

वर्ध्याच्या स्तूपामागची जपानी परंपरा समजण्यासाठी नारा येथील महाबुद्धापर्यंत मागे जावे लागते. सम्राट शोमूच्या आज्ञेने तोदाइजी विहारात कांस्याची ही प्रचंड मूर्ती ओतली गेली. विहाराच्या परंपरागत हिशेबानुसार तिला सुमारे ५०० टन तांबे, ४४० किलो सोने आणि अडीच टन पारा लागला. मुलाम्यापुरते सोने देशात मिळेल की नाही ही चिंता असतानाच इ. स. ७४९ मध्ये उत्तरेकडील मुत्सु प्रांतात सोने सापडले. ही घटना इतकी महत्त्वाची मानली गेली की ओतोमो नो याकामोची या कवीने तिच्यावर दीर्घ कविता रचली आणि ती मान्योशू या प्राचीन जपानी काव्यसंग्रहात समाविष्ट झाली. ७५२ साली नेत्रोन्मीलनाचा समारंभ झाला तेव्हा मूर्तीचे डोळे रंगवण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला. पुढे ११८० आणि १५६७ मध्ये विहाराला आगी लागल्या, मूर्तीचे भाग पुन्हा ओतावे लागले, आणि आज तेथे दिसणारा बुद्ध काळपट आहे. सोने गेले तरी उपासना खंडित झाली नाही.

बोधिसेनाच्या प्रवासाची दिशा भारताकडून जपानकडे होती. फुजी गुरुजींनी ती उलटी केली. तेराव्या शतकातील आचार्य निचिरेन यांनी जपानातून धर्म पुन्हा भारतात जाईल असे भाकीत केले होते. १८८५ साली जन्मलेले फुजी ते भाकीत शिरोधार्य मानून १९३१ मध्ये भारतात आले आणि ४ ऑक्टोबर १९३३ रोजी वर्ध्यात गांधीजींना भेटले. त्यांच्या संप्रदायातील एक जपानी भिक्षू पुढे सेवाग्राम आश्रमात राहिला. जपान युद्धात उतरल्यावर सरकारने त्याला आश्रमातून नेले. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून जे पत्र लिहिले, त्यात या भिक्षूची आठवण आहे. तो गेला, पण त्याची प्रार्थना आणि त्याचा लहानसा ढोल आश्रमाच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत राहिला, असे त्यांनी नमूद केले आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. सेवाग्रामला जपानी बौद्ध परंपरेकडून ध्वनी मिळाला, मूर्ती मिळाली नाही. प्रार्थनाभूमी मोकळी होती. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी उठवलेली ताडाची झाडे, मोर आणि चरखा यांपलीकडे तेथे प्रतिमांना स्थान नव्हते. म्हणजे वर्ध्याच्या भूमीवर निचिरेन परंपरेचा पहिला अवतार नादरूप होता आणि दुसरा, अर्धशतकानंतरचा, सुवर्णरूप झाला. या दोहोंच्या मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी येतात. युद्धानंतर फुजी गुरुजींनी शांतिस्तूप उभारण्याचे व्रत घेतले. पहिला स्तूप कुमामोतो येथे १९५४ मध्ये, राजगीरचा १९६९ मध्ये आणि लंडनच्या बॅटरसी उद्यानातला १९८५ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, पूर्ण झाला. अणुस्फोटाच्या प्रकाशानंतर उभारलेल्या या वास्तूंवरचा सोनेरी प्रकाश हा केवळ प्राचीन लक्षणाचा अनुवाद राहत नाही. लक्खणसुत्तातील अक्रोध येथे राष्ट्रांच्या पातळीवर मागितला जात आहे.

ग्रंथपूजक परंपरेला मूर्तीची मुभा कोठून मिळते, याचे उत्तरही त्याच ग्रंथात सापडते. सद्धर्मपुंडरीकाच्या उपायकौशल्य परिवर्तात स्तूप आणि प्रतिमा घडवणाऱ्यांची लांबलचक मालिका येते. रत्नांच्या आणि धातूंच्या प्रतिमा करणारे त्यात आहेत. त्याचबरोबर खेळताना वाळूचा स्तूप रचणारी आणि काडीने किंवा नखाने भिंतीवर बुद्धाचे चित्र काढणारी मुलेही आहेत. या सर्वांना एकच फळ सांगितले आहे. उपाय या संकल्पनेमुळे सोने आणि वाळू एका पातळीवर येतात. मूर्ती सत्य आहे की नाही हा प्रश्न गौण ठरतो आणि ती पाहणाऱ्याला कोठे नेते हा प्रश्न पुढे येतो. वर्ध्याच्या स्तूपावरील सोन्याचे समर्थन करायचे झाले तर ते या भूमिकेवरूनच करावे लागेल.

पाच

आधुनिक मराठी लेखनाने मात्र निराळा मार्ग स्वीकारला. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी पालि संहितांचा अभ्यास करून बुद्धाच्या चरित्रावरचे अद्भुताचे थर एकामागून एक दूर केले. नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने १९४०–४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात वृद्ध, रोगी, प्रेत आणि परिव्राजक यांच्या दर्शनाची सर्वपरिचित कथा नाकारली आहे. बोधिसत्त्वाने रात्री गुपचूप गृहत्याग केला नसून आईवडील रडत असताना त्यांच्या देखत केला, हे त्यांनी अरियपरियेसनसुत्ताच्या आधारे दाखवले, आणि त्याची प्रेरणा अत्तदंडसुत्तात, माणसांच्या परस्परांवरील शस्त्रधारणेच्या भयात, शोधली. ग्रंथाच्या परिशिष्टात महापदानसुत्तातील खंड गोतम बुद्धाच्या चरित्रात कसे शिरले याची छाननी आहे. लक्षणांनी मंडित, अलौकिक जन्माचा महापुरुष या छाननीतून बाहेर पडतो आणि शस्त्रांना उबगलेला एक शाक्य तरुण उरतो. त्याच्या त्वचेला सोन्याचा वर्ण असण्याचे काही कारण राहत नाही.

याच कोसंबींनी विसुद्धिमग्गाचे संपादन केले आणि त्यातील साधनामार्ग ‘समाधिमार्ग’ (१९२५) या पुस्तकाद्वारे मराठीत आणला. त्यामुळे त्यांची भूमिका केवळ इतिहाससंशोधकाची नाही. ध्यानालाही मूर्तीची अपरिहार्यता नाही, गुणांचे स्मरण पुरेसे आहे, हा थेरवादी विचार त्यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला उपलब्ध झाला. आयुष्याच्या अखेरीस ते सेवाग्रामला आले आणि अन्नत्याग करून जून १९४७ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. ज्या आश्रमात जपानी भिक्षूचा ढोल वाजत राहिला, त्याच आश्रमात बुद्धाला मराठीत मानवरूप देणाऱ्या अभ्यासकाने शेवटचे दिवस काढले. १९४० च्या दशकात वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची धुरा भदंत आनंद कौसल्यायन या थेरवादी भिक्षूकडे होती. पुढे डॉ. आंबेडकरांच्या बुद्धविषयक ग्रंथाचा हिंदी अनुवाद त्यांनीच केला. बुद्ध कोणता मानायचा हा प्रश्न त्या काळात वर्ध्यात अनेक बाजूंनी एकवटला होता, असे यावरून दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात चार दृश्यांची कथा कोसंबींप्रमाणेच नाकारलेली आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उद्भवलेला संघर्ष तेथे गृहत्यागाचे कारण होतो. तथापि बुद्धाच्या व्यक्तिमत्त्वाचे वर्णन करताना त्याची देहाकृती सुवर्णपर्वताच्या शिखरासारखी होती, असे या ग्रंथात म्हटले आहे. ही तुलना साहित्यविचाराच्या दृष्टीने मोलाची आहे. लक्खणसुत्तात सोने हे लक्षण होते, म्हणजे देहाचे वस्तुनिष्ठ वैशिष्ट्य म्हणून सांगितले होते. आंबेडकरांच्या ग्रंथात ते उपमान झाले. उपमेत साधर्म्य असते, अभेद नसतो. ‘सारखे’ हा वाचक शब्द दोहोंमध्ये अंतर राखून ठेवतो. चमत्कार नाकारणाऱ्या चरित्रात सोने टिकून राहिले ते या अंतरामुळेच. लक्षण ते उपमा हे स्थित्यंतर म्हणजे विवेकवादी वाचनाने सोन्याशी केलेला एक समझोता आहे.

सहा

समझोता हा शब्द येथे पुरा पडतो काय, हे तपासण्यासाठी ग्रंथाबाहेर यावे लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बाबासाहेबांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर विदर्भातील गावोगावी विहार उभे राहिले. त्यांतल्या मूर्ती पितळेच्या, सिमेंटच्या, प्लास्टरच्या, अलीकडे फायबरच्या आहेत. अनेकांवर सोनेरी रंग दिलेला असतो. हा रंग सोन्याचा नसतो. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूची भुकटी त्यात असते आणि हवेत ती काही वर्षांत काळवंडते. मग रंग पुन्हा द्यावा लागतो. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस मंदिरातील (१९९९) मूर्ती चंदनाची आहे, हा अपवाद आणि त्यामागचे जपानी साहाय्य या दोन्ही गोष्टी सर्वसामान्य विहाराच्या आवाक्याबाहेरच्या आहेत.

कोसंबींच्या दृष्टीने पाहणाऱ्याला विहारातला हा सोनेरी रंग दूर सारलेल्या अद्भुताचे पुनरागमन वाटू शकेल. कलासमीक्षकाला तो स्वस्त अनुकरण वाटेल. दोन्ही निर्णय एका ऐतिहासिक वस्तुस्थितीकडे पाठ फिरवून दिलेले आहेत. ‘जातिनिर्मूलन’ म्हणून मराठीत परिचित असलेल्या १९३६ च्या आपल्या भाषणात आंबेडकरांनी इंदूरकडील बलाई समाजावर लादलेल्या नियमांचा दाखला दिला आहे. त्या नियमांत पुरुषांनी जरीकाठी पागोटे घालू नये आणि स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने वापरू नयेत ही कलमे होती. सोने अंगावर असणे हा येथे जातीच्या अधिकाराचा प्रश्न होता. ज्या समाजाला स्वतःच्या देहावर सोने धारण करण्याची बंदी घातली गेली, त्या समाजाने आपल्या शास्त्याचा देह सोनेरी ठेवणे या कृतीचा अर्थ पालि संहितेत शोधून सापडणार नाही. तो या बंदीच्या इतिहासात आहे. लक्षण आणि उपमा यांच्यापलीकडचा हा तिसरा अर्थ आहे आणि काव्यशास्त्राच्या परिभाषेत त्याला व्यंजना म्हणणे युक्त ठरेल. वाच्यार्थ खोटा असला, रंग पितळी भुकटीचा असला, तरी व्यंग्यार्थ त्यामुळे बाधित होत नाही.

याचा अर्थ कोसंबींची छाननी व्यर्थ होती असा होत नाही. तिने बुद्धाला इतिहासात आणले नसते तर आंबेडकरांच्या ग्रंथातील आणि विहारातील बुद्ध वेगळा झाला असता. तो आणखी एका अवताराच्या रांगेत जाऊन बसला असता. सोनेरी रंगाने हा धोका पुन्हा निर्माण होतो हेही नाकारता येत नाही. अक्रोधाची खूण म्हणून सुरू झालेला वर्ण वैभवाची खूण म्हणून वाचला जाऊ लागतो, आणि मोठी मूर्ती, अधिक सोने, उंच चबुतरा अशी स्पर्धा सुरू होते. तेव्हा प्रश्न मूर्तीवर सोने असावे की नसावे एवढाच राहत नाही. ते कोणत्या रीतीने वाचले जावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

विसुद्धिमग्गातील एक कथा या संदर्भात विचारात घेण्यासारखी आहे. फुस्सदेव नावाच्या थेरासमोर माराने बुद्धाचे रूप निर्माण केले. थेराला ते मायिक आहे हे कळत होते. राग, द्वेष आणि मोह यांनी भरलेल्या माराने घेतलेले रूप जर इतके शोभते, तर या तिन्हींपासून मुक्त असलेले भगवंत कसे शोभत असतील, असा विचार त्याच्या मनात आला. त्या विचारातून त्याला बुद्धाविषयी प्रीती उत्पन्न झाली आणि विपश्यना वाढवून तो अर्हत झाला. या कथेत प्रतिमा खोटी आहे, ती निर्माण करणाऱ्याचा हेतूही दुष्ट आहे, आणि पाहणाऱ्याची फसवणूक मात्र झालेली नाही. थेराने प्रतिमेला सत्य मानले नाही आणि मिथ्या म्हणून टाकूनही दिले नाही. त्याने तिच्यावरून अनुमान केले.

कोसंबींचा चिकित्सक वाचक आणि विहारातला उपासक यांच्या भूमिका परस्परविरोधी मानण्याची सवय मराठी विचारविश्वाला लागली आहे. फुस्सदेवाच्या ठिकाणी त्या दोन्ही भूमिका एकाच क्षणी उपस्थित आहेत. आधी ओळख, मग प्रीती आणि शेवटी विपश्यना, असा तो क्रम आहे. गोपुरीतील चार मूर्तींपुढे आणि गावोगावच्या विहारांतल्या रंग उडालेल्या मूर्तींपुढे उभे राहणाऱ्याला हा क्रम उपलब्ध आहे. त्यासाठी सोन्याखाली काय आहे हे माहीत असावे लागते, सोने कोणाला नाकारले गेले होते हे माहीत असावे लागते, आणि लक्खणसुत्ताने ज्या दोन कृतींना हा वर्ण जोडला त्यांचे, म्हणजे राग न करण्याचे आणि दुसऱ्याचे अंग झाकण्याचे, स्मरण असावे लागते. चरख्याच्या आणि सुताच्या या जिल्ह्यात त्यांपैकी दुसरी कृती तरी अपरिचित नाही.